नोंदवहीबाहेरचा हुद्दा : दंतसाहाय्यकाच्या शिक्षणाचा इतिहास

तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या काळ्या, कसदार जमिनीच्या पट्ट्यात, शहादे शहराला अगदी लागून, लोणखेडा हे गाव आहे. पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या जुन्या रचनेत शहादे तालुक्यातील एक शेतकी गाव, एवढीच ज्याची ओळख, त्याच्या परिसरात स्वातंत्र्योत्तर काळात सहकाराच्या चळवळीतून आणि पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकारातून पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. आणि ज्या साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत अध्यापन करून खानदेशच्या मुलांना सेवाधर्माचा लळा लावला, त्यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेमुळे सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबांतील आणि सपाटीवरील शेतकऱ्यांच्या घरांतील मुलामुलींना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दूरची शहरे गाठण्याची निकड पुष्कळ अंशी कमी झाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, आणि पुढे नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले. अशा प्रदेशात रुग्णसेवेची इच्छा बाळगणाऱ्या, परंतु डॉक्टर होण्याइतके द्रव्यबळ व कालावधी हाताशी नसलेल्या तरुणांची संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढे जे मार्ग मांडले जातात त्यांत परिचारिकेचा असतो, औषधनिर्मात्याचा असतो, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा असतो. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या साहाय्यकाचा मार्ग मात्र क्वचितच कोणाला सुचतो. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवसाय-मार्गदर्शनाचा वाटला, तरी त्याचे उत्तर इतिहासात दडलेले आहे, आणि तो इतिहास थोड्या विस्ताराने सांगावा असा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने साहाय्यकाला कधीही गौण मानले नव्हते. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद होत, अशी मांडणी चरकसंहितेत आढळते. आणि या चारांपैकी परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, हातांचे दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच असे चार गुण असलेच पाहिजेत, अशी अपेक्षा तेथे स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. दंतचिकित्साही त्या काळी अप्रगत नव्हती. सुश्रुताने दंतमूलांचे पंधरा आणि दातांचे आठ रोग गणले असून दातांवर साचणाऱ्या दंतशर्करेचा, म्हणजे आजच्या दवाखान्यात यंत्राने खरवडून काढल्या जाणाऱ्या कीटणाचा, आणि ते खरवडण्यासाठी वापरावयाच्या दंतशंकू नावाच्या शस्त्राचा निर्देश त्याने केला आहे. रुग्णाचे मस्तक स्थिर धरणारा, शस्त्रे क्रमाने हाती देणारा आणि जखम धुण्यास पाणी पुरविणारा कोणी तरी मनुष्य त्या वैद्याच्या शेजारी असलाच पाहिजे. त्याचे नाव ग्रंथात नसले तरी त्याचे गुण ग्रंथात आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मध्ययुगात ही शास्त्रोक्त परंपरा क्षीण झाली आणि दात दुखणाऱ्या सामान्य मनुष्याला आसरा उरला तो घरगुती उपायांचा, गावच्या न्हाव्याचा आणि फिरस्त्या वैदूचा. खानदेशातल्या शेतकऱ्याची सकाळ बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या काडीने होत असे; घरात राखुंडी असे; दाढ ठणकू लागली की लवंग दाबून धरली जाई; आणि मिश्रीची सवय तर पुष्कळ घरांतील बायकांना दंतधावनाच्या निमित्ताने जडून व्यसन होऊन बसे. आठवड्याच्या बाजारात मुळ्या, साली आणि तुंबड्या मांडून बसणारा वैदू किडलेल्या दाढेवरही इलाज सांगे. ज्या काळी दंतवैद्यच नव्हता त्या काळी दंतसाहाय्यकाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. तथापि वैदूची बायको आणि मुले त्याला मुळ्या कुटून देत, आणि मुलगा बापाच्या हाताखाली बसून बापाचा धंदा शिकत असे. पाहून, करून आणि चुकून शिकण्याची ही जी रीत, तीच पुढे पाश्चात्य पद्धतीच्या दंतवैद्यकाच्या दवाखान्यातही जशीच्या तशी शिरली.

आधुनिक दंतशिक्षणाचा प्रारंभ हिंदुस्थानात १९२० साली कलकत्त्यात झाला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी तेथे दंतमहाविद्यालय काढले, आणि १९३९ साली बंगाल प्रांताने दंतवैद्यांविषयीचा स्वतंत्र कायदाही केला. कलकत्त्यात शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दंतचिकित्सेचा दवाखाना उघडला. स्त्रियांनी घराबाहेर पडून डॉक्टरकी करावी ही कल्पनाच ज्या समाजाला पचत नव्हती, त्या समाजात पडदानशीन स्त्रियांच्या दातांवर इलाज करण्यासाठी स्त्रीच्या हातांची आवश्यकता किती होती, हे त्यावरून कळते. पुढे डॉ. ए. एल. नायर यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला जोडून १९३३ साली मुंबईत नायर दंतमहाविद्यालय स्थापन झाले आणि मराठी मुलखाला स्वतःचे दंतवैद्य मिळू लागले. परंतु ही सगळी व्यवस्था दंतवैद्य घडविण्याची होती. दंतवैद्याला मदत करणारा मनुष्य कोठून यावा, त्याने काय शिकावे, किती दिवस शिकावे आणि शिकल्याचा दाखला कोणी द्यावा, या प्रश्नांना त्या व्यवस्थेत स्वतंत्र स्थान नव्हते.

परदेशांत मात्र त्याआधीपासूनच या प्रश्नांची उत्तरे शोधली जात होती. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे डॉ. एडमंड केल्स या दंतवैद्याने १८८५ च्या सुमारास आपल्या दवाखान्यात एका स्त्रीला मदतनीस म्हणून नेमले. त्यापूर्वी स्त्रियांना दंतवैद्याकडे एकटे जाणे संकोचाचे वाटे, सोबत घरचे कोणी असावे लागे. दवाखान्यात स्त्री मदतनीस आहे असे कळताच त्यांचा संकोच मावळला, आणि इतर दंतवैद्यांनीही ती पद्धत उचलली. पुढे १९०६ साली कनेक्टिकट संस्थानातील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे काम पद्धतशीर शिकविले आणि १९१३ साली त्याच गावी अशा स्त्रियांसाठी पहिली शाळा काढली. तिच्यातून दंतस्वास्थ्यकार, म्हणजे डेंटल हायजिनिस्ट, हा स्वतंत्र पेशा जन्माला आला. ज्युलिएट साउथर्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील दंतसाहाय्यकांना एकत्र आणून त्यांची देशव्यापी संघटना उभारली आणि साहाय्यकाच्या कामाला शिक्षण, आचारधर्म व प्रतिष्ठा यांची जोड दिली. न्यूझीलंडने तर १९२१ साली शाळकरी मुलांच्या दातांसाठी दंतपरिचारिका शिकविण्यास आरंभ करून सरकारी खर्चाने त्या गावोगावच्या शाळांत तैनात केल्या. या सर्व प्रयत्नांमागे एकच जाणीव होती : दंतवैद्याचे दोन हात जे करू शकतात ते मर्यादित आहे, आणि शेजारी शिकलेले आणखी दोन हात असतील तर कामाची गती व रुग्णाची सुरक्षितता ही दोन्ही वाढतात.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यात दंतारोग्याचाही विचार होता. त्या वेळी तीस कोटींच्या देशात सुमारे एक हजार दंतवैद्य होते, म्हणजे सरासरी तीन लाख माणसांमागे एक. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा अखिल भारतीय कायदा झाला आणि १९४९ साली भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. या कायद्याने प्रथमच नोंदवह्यांची शिस्त घातली. विद्यापीठाची पदवी असलेल्या दंतवैद्यांची नोंद एका भागात, आणि पदवी नसूनही किमान पाच वर्षे हाच ज्यांचा मुख्य चरितार्थ होता अशांची नोंद दुसऱ्या भागात, असा समंजस तोडगा त्यात काढलेला होता. अनुभवाने शिकलेल्या मनुष्याला एकदम रस्त्यावर न काढता त्याला कायद्याच्या कक्षेत घेण्याचे औदार्य त्यात दिसते. याच कायद्याने दात खरवडून स्वच्छ करणारा दंतस्वास्थ्यकार आणि कवळ्या बनविणारा व दुरुस्त करणारा दंतयांत्रिक, म्हणजे डेंटल मेकॅनिक, या दोन वर्गांच्या व्याख्या केल्या, त्यांच्या नोंदणीची सोय केली आणि त्यांच्या शिक्षणाची पातळी ठरविण्याचा अधिकार परिषदेला दिला. पण खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या साहाय्यकाची व्याख्या त्या कायद्यात नव्हती, म्हणून त्याची नोंदवही नव्हती, आणि नोंदवही नव्हती म्हणून त्याच्या शिक्षणाचा विचार करण्याचे बंधन कोणावरच नव्हते. ब्रिजपोर्टच्या इतिहासात ज्या साहाय्यिकेच्या पोटी दंतस्वास्थ्यकाराचा पेशा जन्मला, त्या मातेला आमच्या कायद्याच्या दारातून परत फिरावे लागले आणि कन्येला मात्र सनद मिळाली, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

कायदा गप्प राहिला तरी काम थांबले नाही. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी जसजसे दंतवैद्यांचे दवाखाने उघडत गेले, तसतशी त्यांच्या आश्रयाने मदतनिसांची एक पिढी तयार होत गेली. कोणी दहावी नापास झालेला मुलगा, कोणी घरची जबाबदारी अंगावर पडलेली विधवा, कोणी डॉक्टरांच्याच नात्यातला होतकरू तरुण. रुग्ण पुरुषाला कंपाउंडर म्हणत आणि स्त्रीला सिस्टर किंवा ताई, आणि तेवढ्यावर हुद्द्याचा प्रश्न मिटे. नेमणुकीचा हुकूम नसे, कामाच्या तासांचा करार नसे, आणि मेहनताना डॉक्टरांच्या मर्जीवर व दवाखान्याच्या जमाखर्चावर अवलंबून असे. शिक्षणाचा क्रम मात्र बहुधा ठरलेला असे. पहिले काही महिने खोली झाडणे, पिकदाणी धुणे, पाण्याचा पेला भरणे. मग उपकरणे धुऊन उकळत्या पाण्यात टाकणे आणि त्यांची नावे पाठ करणे. मग ट्रेवर आरसा, टोकदार प्रोब आणि चिमटा रोज एकाच क्रमाने मांडणे. आणि मग एखाद्या दिवशी डॉक्टरांनी मान वर न करता नुसता हात पुढे करावा आणि त्या हातात नेमकी हवी ती पक्कड पडावी, म्हणजे शागिर्दी पुरी झाली असे समजावे.

या विद्येतील सूक्ष्मता एका कृतीवरून पाहण्याजोगी आहे. किडलेल्या दाढेत भरावयाची जी चांदी, तिचे मिश्रण करणे हे कित्येक दशके मदतनिसाचे मुख्य काम होते. काचेच्या लहानशा खलात चांदी-कथलाची बारीक पूड आणि पारा मोजून घ्यावयाचा, बत्त्याने ठराविक दाबाने घोटावयाचा, गोळा चकचकीत व एकजीव झाला की तो कापडात किंवा मऊ चामड्यात घेऊन पिळून जास्तीचा पारा बाहेर काढावयाचा, आणि उरलेला लगदा कोरडा पडण्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती द्यावयाचा. पारा जास्त राहिला तर भरलेली चांदी ठिसूळ होते. कमी पडला तर ती दाबूनही एकसंध बसत नाही. घोटल्यानंतर उशीर झाला तर दाढेत भरण्याआधीच घट्ट होते. याचे प्रमाण पुस्तकात दिलेले असले, तरी मदतनिसाला ते बोटांच्या अग्रांनी कळे. पण त्याच बोटांना, आणि पुष्कळदा ज्यावर हा लगदा मळला जाई त्या तळहाताला, पाऱ्याचा उघडा स्पर्श रोज घडत होता. त्याच्या वाफा बंद खोलीत श्वासाबरोबर आत जात होत्या. आणि त्या धोक्याची कल्पना त्याला कोणी दिलेली असेल, अशी शाश्वती कोठेच नव्हती. अशिक्षित अनुभव आणि शिक्षित अनुभव यांतील भेद येथे उघड दिसतो. हाताला कौशल्य शागिर्दीने येते, परंतु त्या हाताचे रक्षण शास्त्रानेच होते. पुढे हे मिश्रण बंद कुपीत यंत्राने घुसळले जाऊ लागले, पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली, आणि चांदीची जागा पुष्कळ ठिकाणी दातांच्या रंगाच्या भरावाने घेतली.

दुसरी कृती कागदावरची आहे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडात आरसा फिरवीत एकामागून एक आकडे उच्चारतात : सोळा, सव्वीस, अडतीस. जागतिक दंतसंघटनेच्या दोन अंकी पद्धतीप्रमाणे यांतील पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश दाखवितो आणि दुसरा अंक मध्यरेषेपासून त्या दाताचा क्रम. सोळा म्हणजे वरची उजवी पहिली दाढ, अडतीस म्हणजे खालची डावी अक्कलदाढ. मदतनीस ते ऐकता ऐकता तक्त्यावर खुणा करीत जातो. रुग्णाचा उजवा भाग समोर बसलेल्याच्या डाव्या हाताला येतो, हे पक्के अंगवळणी पडलेले नसेल तर एका अंकाच्या चुकीने निरोगी दाढ काढली जाण्याचा प्रसंग ओढवू शकतो. ज्याच्या लेखणीवर माणसाच्या शरीराचा एक अवयव अवलंबून आहे, त्याला औपचारिक शिक्षणाची गरज नाही असे कोण म्हणेल?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाचे स्वरूप पालटले. पायाने चालविण्याच्या आणि नंतर विजेच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या यंत्राची जागा १९५७ नंतर हवेच्या दाबाने फिरणाऱ्या अतिवेगवान एअरोटरने घेतली; त्याबरोबर पाण्याचा फवारा आला, तो फवारा आणि लाळ ओढून घेणारी नळी आली, आणि ती नळी जीभ व गाल सांभाळीत योग्य जागी धरणारा कुशल हात अपरिहार्य ठरला. १९८६ साली भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळल्यानंतर रक्त व लाळ यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या या पेशात निर्जंतुकीकरणाचा प्रश्न जीवनमरणाचा झाला. नुसत्या उकळत्या पाण्याने भागेनासे झाले. १२१ अंश सेल्सिअस तपमानाला, वाफेच्या दाबाखाली, किमान पंधरा मिनिटे उपकरणे ठेवणारा ऑटोक्लेव्ह आला. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथम १९९८ साली आणि सुधारून २०१६ साली लागू झाले. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात, ही वर्गवारी दिवसातून कित्येक वेळा करणारा मनुष्य बहुधा मदतनीसच असतो. चरकाने सांगितलेला शौच हा गुण अशा रीतीने कायद्याचे कर्तव्य होऊन बसला. कर्तव्य मात्र अंगावर आले आणि शिक्षण मागेच राहिले.

शासनाला या त्रुटीची जाणीव सावकाश झाली. केंद्र सरकारने २०१४-१५ पासून राबविलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा व त्याखालील रुग्णालयांना जे मनुष्यबळ देण्याचे ठरले, त्यात दंतवैद्य व दंतस्वास्थ्यकार यांच्याबरोबर दंतसाहाय्यकाचेही पद आले. आरोग्यक्षेत्रातील कौशल्य परिषदेने दंतसाहाय्यकाच्या कामाचा आराखडा आखला. केरळसारख्या राज्यात शासकीय दंतमहाविद्यालयांनी दंत-शस्त्रक्रियागृह साहाय्यकाचा अभ्यासक्रम चालविला. आणि २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने दंतवैद्यांबरोबर दंतक्षेत्रातील पूरक व्यावसायिकांच्याही नोंदवहीची तरतूद केली. पाऊणशे वर्षांनी का होईना, दार किलकिले झाले आहे. तथापि तालुक्याच्या गावातील खाजगी दवाखान्यात शिकावू म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलीपर्यंत या तरतुदींचा लाभ पोहोचविण्याचे काम कायदा आपोआप करीत नाही.

शहादे-लोणखेडा परिसराच्या दृष्टीने या शिक्षणाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी विशेष आहे. धडगावच्या डोंगरातून उतरून आलेला पावरा म्हातारा, तळोद्याकडची भिल्ल मजूर स्त्री किंवा अहिराणी बोलणारा शेतकरी जेव्हा दवाखान्याच्या खुर्चीत बसतो, तेव्हा डॉक्टरांची प्रमाण मराठी त्याला अर्धीच कळते. दाढ काढल्यानंतर कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट दाबून धरावा, चोवीस तास खळखळून चूळ भरू नये, थुंकत राहू नये, तंबाखू अजिबात तोंडात घालू नये, या साध्या सूचना त्याच्या बोलीत, त्याच्या नात्यातल्या माणसाच्या आवाजात सांगितल्या गेल्या तरच पाळल्या जातात. आणि न पाळल्या गेल्या तर रक्ताची गुठळी निघून पडते व हाड उघडे पडून असह्य वेदना सुरू होतात. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, परंतु तंबाखू आणि मिश्री यांच्या खुणा अजूनही या मुलखातील तोंडांत दिसतात. गालाच्या आतील पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम यांचे निदान करण्याचा अधिकार साहाय्यकाला नाही व नसावाही. परंतु प्रशिक्षित डोळ्याला ती खूण दिसली आणि त्याने ती डॉक्टरांच्या नजरेस आणून दिली, तर एखाद्या कुटुंबाचा कर्ता पुरुष कर्करोगाच्या तावडीतून वेळीच सुटू शकतो. हे काम बाहेरून आलेल्या पदवीधरापेक्षा याच मातीतली, याच बोलीतली, शिकलेली मुलगी अधिक समर्थपणे करील, याविषयी मला शंका नाही.

म्हणून शिक्षणसंस्थांच्या चालकांना आणि विशेषतः दंतवैद्यांना एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. नवा अभ्यासक्रम उघडण्यास परवानगी, इमारत व निधी लागतात आणि त्याला वेळ जाईल. परंतु आपल्या दवाखान्यात आज जी मुलगी उपकरणे मांडीत आहे, तिच्या कामाची रोजनिशी ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. निर्जंतुकीकरण, तक्ता लिहिणे, क्ष-किरणांपासून संरक्षण, सुईच्या जखमेवरील तातडीचे उपाय आणि रुग्णाशी बोलण्याची रीत या विषयांचे धडे तिला ठरवून द्यावेत, तिला हेपॅटायटिस बी ची लस टोचून द्यावी, ती काय व किती काळ शिकली याची तारीखवार नोंद करावी, आणि ती दुसरीकडे जाऊ इच्छील तेव्हा सही-शिक्क्यानिशी तसा दाखला तिच्या हाती द्यावा. तो दाखला नसल्यामुळे दहा वर्षांचा अनुभव असलेल्या मदतनिसाला नव्या दवाखान्यात पुन्हा नवशिक्याच्या पगारावर उभे राहावे लागते, ही वस्तुस्थिती आहे. आणि ती बदलण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.